बॅटमॅनच्या संगीतामागची बाई



बॅटमॅन हे नाव आपल्याला माहीत झालं ते पोरांच्या दप्तरामुळं. आठवडी बाजारात छातीवर वटवाघळाचं काळं चित्र असलेला टी-शर्ट टांगलेला दिसतो आणि पोरगं त्याच्यासाठी हटून बसतं. हा बॅटमॅन १९३९ साली अमेरिकेत चित्रकथेच्या पुस्तकातून आला. दिवसा बडा श्रीमंत माणूस, रात्री काळा मुखवटा चढवून गुंडांच्या मागं लागणारा. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईबापाचा खून झाला, तेव्हापासून त्याचं हे व्रत. त्याच्यात जादूची ताकद काही नाही. आहे ते दुःख आणि पैसा.

पण आज आम्ही बॅटमॅनची गोष्ट सांगायला बसलेलो नाही. आज सांगायची आहे ती त्याच्यासाठी संगीत लिहिणाऱ्या एका बाईची. तिचं संगीत पंधरा वर्षांनी पेटीतून बाहेर काढून, झाडून-पुसून पुन्हा लोकांपुढं ठेवलं गेलं आणि लोकांनी ते आवडीनं घेतलं. का घेतलं असेल, यावर आम्ही केंद्रावरच्या बायकांनी दोन बैठका घालवल्या. हिशेबाच्या वह्या बाजूला राहिल्या, ते असो.

त्या बाईचं नाव शर्ली वॉकर. जन्म १९४५, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, नापा या गावी. शाळेत असतानाच तिनं सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर पियानो वाजवला. पुढं १९७९ साली आलेल्या 'अपॉकलिप्स नाऊ' या युद्धपटात तिनं सिंथेसायझर वाजवला. म्हणजे हात चालत होते, कला होती, कामही मिळत होतं. पण हॉलिवुडच्या मोठ्या सिनेमाचं संगीत कुणाचं, याच्यापुढं आपलं एकटीचं नाव लागायला तिला १९९२ साल उजाडावं लागलं. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. चित्रपट होता जॉन कारपेंटर यांचा 'मेमॉयर्स ऑफ अ‍ॅन इनव्हिजिबल मॅन', म्हणजे अदृश्य माणसाच्या आठवणी. हॉलिवुडच्या मोठ्या कंपनीच्या चित्रपटाला एकटीनं संगीत देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या बायकांत तिची गणना होते. अदृश्य माणसाच्या सिनेमात एक बाई दिसायला लागली, असं आमच्यातल्या एकीनं म्हटलं आणि आम्हाला ते पटलं.

मग त्याआधीची वर्षं ती काय करत होती? दुसऱ्यांचं संगीत उभं करत होती. हे काम काय असतं ते नीट समजून घेऊ, कारण आपल्यालाही ते परकं नाही.

वाद्यवृंद म्हणजे ऑर्केस्ट्रा. साठ-सत्तर वादक एकत्र बसतात. व्हायोलिनवाले, बासरीवाले, तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं फुंकणारे, नगारे वाजवणारे. संगीतकाराच्या डोक्यात चाल येते. पण त्या चालीतला कुठला सूर कुठल्या वाद्यानं वाजवायचा, कुठं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि एकाच बासरीनं बोलायचं, हे सगळं कागदावर मांडणारा माणूस वेगळा असू शकतो. त्याला वाद्यसंयोजक म्हणतात. आणि समोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना एका तालात चालवतो तो संचालक. आपल्याकडच्या हिंदी सिनेमात हे संयोजनाचं काम गोव्याहून मुंबईला आलेल्या वादकांनी केलं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशी ती माणसं. गाणी घराघरात गेली, यांची नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक. संगीतकार प्यारेलाल हे अँथनी गोन्साल्विस यांचे शिष्य. सिनेमातल्या एका गाण्यात या गुरूचं नाव आलं आणि ते पोरासोरांच्या तोंडी बसलं. पण असं नशीब किती जणांच्या वाट्याला येतं?

शर्लीबाईंचं तसंच चाललं होतं. १९८९ साली 'बॅटमॅन' हा मोठा चित्रपट आला. त्याचे संगीतकार डॅनी एल्फमन. ते रॉक बँडमधून आलेले, वाद्यवृंदाचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. त्यांच्या चाली सुंदरच होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण लंडनला ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाद्यवृंदासमोर उभं राहून ते संगीत ज्यांनी वाजवून घेतलं त्या शर्ली वॉकर. 'एडवर्ड सिझरहँड्स'लाही संचालन त्यांचं. हान्स झिमर आज जगभर गाजतात, त्यांच्या 'बॅकड्राफ्ट'लाही संचालन यांचंच. पडद्यावर नावं पळतात त्यात ही नावं येतात, पण तोवर लोक खुर्च्यांवरून उठलेले असतात.

१९९२ साली टीव्हीवर बॅटमॅनची कार्टून मालिका सुरू झाली आणि तिच्या संगीताची जबाबदारी शर्लीबाईंकडं आली. मालिकेच्या सुरुवातीला वाजणारी धून एल्फमन यांची. पण आतल्या भागांसाठी शर्लीबाईंनी बॅटमॅनची स्वतःची वेगळी चाल बांधली. कार्टून म्हटलं की लोक काय करतात? दोन-चार तयार तुकडे घेतात आणि तेच प्रत्येक भागात फिरवतात. पोरांना काय कळतंय, असा हिशेब. इथं तसं केलं नाही. जवळपास बावीस मिनिटांच्या प्रत्येक भागाला नवं संगीत, तेही खऱ्या वादकांचा ताफा बसवून. असे ८५ भाग झाले. पोरांसाठीच्या कामात कुणीतरी एवढा जीव ओतला, हे आम्हाला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. अंगणवाडीच्या खिचडीत किडके तांदूळ चालतील असं म्हणणारी माणसं आपण पाहिलेली आहेत.

एवढं काम एकटीनं होणार नाही, म्हणून त्यांनी नवी माणसं हाताशी धरली. लोलिता रिटमॅनिस, मायकेल मकविस्टियन, क्रिस्टोफर कार्टर. त्यांना शिकवलं, चुका काढल्या आणि मग त्यांच्या नावानं भाग सोपवले. त्यांच्या कामावर स्वतःचं नाव घातलं नाही. हे तिघं पुढं नावारूपाला आले आणि आजही एकत्र काम करतात. २००१ साली 'बॅटमॅन बियाँड' या मालिकेसाठी टीव्हीचा एमी पुरस्कार शर्लीबाईंना मिळाला तो या तिघांसोबत.

आता त्या चित्रपटाकडं वळू. या मालिकेला लोकांनी उचलून धरल्यावर वॉर्नर कंपनीनं एक लांब कार्टूनपट काढला. 'बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम'. दिग्दर्शक एरिक रॅडोम्स्की आणि ब्रूस टिम. मुळात हा घरी बघायच्या व्हिडिओ कॅसेटसाठी होता, पण ऐनवेळी ठरलं की थिएटरात लावायचा. १९९३ सालच्या २५ डिसेंबरला, ऐन नाताळात तो लागला. जाहिरात धड झाली नाही आणि थिएटरात तो पडला. नंतर कॅसेटवर लोकांनी पाहिला, मग त्याचं नाव झालं.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण संगीत तिच्यावर उभं आहे. बॅटमॅन व्हायच्या आधीच्या ब्रूस वेनला आंद्रेआ नावाची मुलगी भेटते. प्रेम जडतं. आता पंचाईत अशी की आईबापाच्या थडग्यापुढं त्यानं शब्द दिलेला आहे, सूड घेईन म्हणून. आणि आता तर तो सुखात आहे. सुखी माणसानं सूड कसा घ्यायचा? पावसात तो थडग्यापाशी जातो आणि आईबापाकडं एक प्रकारे सुटका मागतो, की मला संसार करू द्या. मैत्रिणींनो, मारामारीच्या सिनेमात असा प्रसंग! पुढं ती मुलगी त्याला सोडून जाते आणि मग तो पहिल्यांदा मुखवटा चढवतो. तो प्रसंग म्हणजे एका माणसाचा संसार बुडाल्याचा प्रसंग आहे. सिनेमातला दुसरा मुखवटेधारी कोण निघतो ते सांगत नाही, ज्या बघतील त्यांचा हिरमोड नको.

या सगळ्याला शर्लीबाईंनी मोठ्या वाद्यवृंदाचं आणि समूहगायनाचं संगीत दिलं. सुरुवातीलाच पन्नासेक माणसं देवळात एकत्र गावीत तसा घनगंभीर आवाज उठतो. आम्ही केंद्रावर मोबाईलला स्पीकर जोडून तो ऐकला, तेव्हा आमच्यातल्या वयानं मोठ्या मावशी म्हणाल्या, "ही कुठल्या देवाची आरती गं?" शब्द चर्चमधल्या जुन्या लॅटिन भाषेतले वाटतात. आणि तिथंच गंमत आहे. शर्लीबाईंनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की ते शब्द लॅटिन नाहीत. वॉर्नर कंपनीतल्या कामाच्या माणसांची नावं उलटी करून गायकांना गायला दिली होती! म्हणजे कमलचं 'लमक' आणि सुमनचं 'नमसु' केलं आणि साठ जणांनी ते छातीठोक गायलं, असा प्रकार. आम्ही हसून हसून बेजार झालो. मग मावशींनीच विचारलं, "म्हणजे काम करणाऱ्यांची नावं गाण्यात घातली म्हणा की." होय, तसंच. पडद्यावर कुणी वाचत नाही ती नावं तिनं सुरात ओवली. जात्यावरच्या ओवीत आपल्या बायका भावाचं, माहेरच्या गावाचं नाव गुंफतात, ती आठवण आम्हाला झाली. तिथला हेतू थट्टेचा असेल, पण आम्हाला ते थट्टेपेक्षा थोडं जास्त वाटलं.

त्या संगीतात सिंथेसायझर वाजवला आहे हान्स झिमर यांनी. ज्यांचा वाद्यवृंद शर्लीबाईंनी चालवला होता, ते इथं वादक म्हणून आले. याला आपल्याकडं सावड म्हणतात. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या.

सिनेमासोबत १९९३ सालीच या संगीताची एक सीडी निघाली होती. पण तिच्यात सगळं संगीत नव्हतं, निवडक तुकडे होते. असं तेव्हा हॉलिवुडच्या बऱ्याच संगीताचं व्हायचं, अर्ध्या तासाची सीडी आणि बाकीचं कपाटात. का? यामागं कामगारांच्या हक्काची एक गोष्ट आहे. तिच्यावर आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत.

अमेरिकेतल्या वादकांची एक संघटना आहे, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स. ती १८९६ सालची. तबकड्या आणि रेडिओ आले तेव्हा वादकांच्या लक्षात आलं की आपण एकदा वाजवतो, पैसे एकदा घेतो आणि ती तबकडी मात्र हजारदा वाजते. शिवाय तबकडी वाजते तिथं आपल्याला कुणी बोलावत नाही. आपलंच वाजवणं आपल्या पोटावर पाय देतं. म्हणून १ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी संप पुकारला. तबकड्यांसाठी वाजवायचं नाही. दुसरं महायुद्ध चालू, सरकारचा दबाव, तरी हा संप दोन वर्षांहून जास्त टिकला. एकेक कंपनी नमत गेली, शेवटच्या मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात आल्या. ठरलं असं की विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागं काही रक्कम संघटनेच्या निधीत जमा करायची आणि त्यातून वादकांना काम द्यायचं. दोन वर्षं! आपल्याकडं दुधाचा संप चार दिवस चालला तरी घरात भांडणं लागतात.

पुढं सिनेमाच्या संगीतालाही नियम लागला. वादकाला पैसे मिळाले ते सिनेमासाठी वाजवण्याचे. तेच ध्वनिमुद्रण सीडी करून विकायचं असेल तर ती दुसरी विक्री झाली, तिचा मोबदला वेगळा. आपण व्यापाऱ्याला पापड विकतो, तो एकदा खाल्ला की संपला. गाणं संपत नाही. म्हणून त्याचा हिशेबही एकदाच करून भागत नाही. पण या न्यायाच्या नियमाचा दुसरा परिणाम असा की सीडीवर जितकी मिनिटं जास्त, तितका वादकांचा मोबदला जास्त. मग कंपन्या हात आखडता घ्यायच्या आणि अर्ध्या तासावर थांबायच्या. नंतरच्या काळात संघटनेनं जुन्या संगीतासाठी मार्ग काढला. मोजक्याच प्रती काढणार असाल तर दर कमी. त्यामुळं छोट्या कंपन्यांना ते परवडायला लागलं आणि कपाटं उघडली.

अशाच ला-ला लँड रेकॉर्ड्स नावाच्या एका छोट्या कंपनीनं २००९ साली 'मास्क ऑफ द फँटॅझम'चं वाढवलेलं संगीत मर्यादित प्रतींत काढलं. जुन्या सीडीवर नव्हते ते तुकडे त्यात आले.

हे काम कसं करतात ते आम्हाला फार आवडलं. आधी मूळ फिती शोधायच्या. सिनेमाचं संगीत सलग वाजवत नाहीत, प्रसंगाप्रसंगाचे तुकडे करून वाजवतात, आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. पहिल्या रिळातला पहिला तुकडा, पहिल्यातला दुसरा, असा. एकेक तुकडा तीन-तीन, चार-चार वेळा वाजवलेला असतो. त्यातला सिनेमात कुठला गेला ते सिनेमा लावून कानानं ताडून बघायचं. कागदावर एक लिहिलेलं असतं आणि डब्यात दुसरंच निघतं. गटाच्या जुन्या पावत्या जुळवणाऱ्या आपल्या लेखापाल बायांना हे काम लगेच कळेल.

फिती स्वतःच दुखणाईत असतात. चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी बारीक पूड एका डिंकासारख्या थरानं चिकटवलेली. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही कंपन्यांच्या फितींचा तो डिंक हवेतली ओल शोषतो आणि पाझरतो. तशी फीत यंत्रावर लावली तर चिकटते, पूड खरवडून निघते, आणि पूड गेली की आवाज गेला. त्याला उपाय काय? फीत भाजायची! पन्नास-पंचावन्न अंश इतक्या मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवायची. उन्हाळ्यात आपण कुरडया वाळवतो तेवढीच जरा जास्त ऊब. ओल उडाली की ती थोडे दिवस नीट चालते, तेवढ्यात तिचा आवाज संगणकात उतरवून घ्यायचा. घाई केली, आच वाढली, तर सगळंच हातचं गेलं.

एवढी खटपट करून हातात काय येतं? सिनेमा तर लोकांनी पाहिलेलाच असतो, मग संगीत वेगळं कशाला? आमच्या बैठकीत यावरच जुंपली.

एकीचं म्हणणं, सिनेमात संगीत कधी पुरतं ऐकूच येत नाही. वर ठोसे, काचा फुटणं, गाड्यांचा आवाज. संगीत खाली दबलेलं. लग्नघरात स्वयंपाकाच्या खोलीतली बाई कितीही छान गात असली तरी बाहेर बँडच ऐकू येतो, तसं. वेगळं काढलं की कळतं, ठोशांच्या खाली बाईनं काय काय विणून ठेवलं होतं. हे पटण्यासारखं आहे. 'बर्थ ऑफ बॅटमॅन' नावाचा तुकडा आम्ही आधी सिनेमासकट पाहिला आणि मग नुसता ऐकला. पाहताना आमचं लक्ष मुखवट्यावर होतं. ऐकताना कळलं की तिथं विजयाचं वाजत नाही. मालिकेतली तीच बॅटमॅनची चाल, पण अशी जड पावलांनी येते की अंगावर काटा येतो. माणूस काहीतरी मिळवत नसून घालवतोय, हे त्या बाईनं शब्दांशिवाय सांगितलं.

दुसरी म्हणाली, सगळं काढायची काय गरज? जुन्या सीडीवर निवडक होतं तेच बरं. पाखडून घेतलेल्या गव्हात पुन्हा कोंडा कशाला मिसळायचा? हेही खोटं नाही. काही तुकडे अर्ध्या मिनिटाचे, दार उघडलं की संपले. ते एकटे ऐकून विशेष काही वाटत नाही. पण आम्हाला शेवटी पहिलीचं म्हणणं जास्त धरावंसं वाटलं. कारण निवड कुणी केली होती? अर्धा तास ही मर्यादा पैशानं घातली होती, कलेनं नाही. शिवाय सलग ऐकलं की आंद्रेआच्या प्रेमाची चाल सुरुवातीला कशी हलकी येते आणि शेवटाकडं तीच कशी कोमेजून येते, तो प्रवास कळतो. निवडक तुकड्यांत तो तुटतो.

ही २००९ सालची सीडी शर्लीबाईंनी पाहिली नाही. ३० नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६१. पुढं अमेरिकेतल्या संगीतकारांच्या अ‍ॅस्कॅप या संस्थेनं त्यांच्या नावानं एक पुरस्कार सुरू केला.

आपल्याकडं सिनेमाला संगीत देणाऱ्या बायका नव्हत्या असं नाही. मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या खुर्शीद मिनोचर-होमजी यांनी सरस्वतीदेवी या नावानं बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांना संगीत दिलं. १९३६ सालचा 'अछूत कन्या' त्यांचाच. आणि मराठीत? 'आनंदघन' हे नाव ऐकलंय का? 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांचे संगीतकार. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. 'साधी माणसं'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला तेव्हा हे गुपित लोकांपुढं आलं असं सांगतात. लताबाईंना नाव झाकायची काय गरज होती, त्यांची कारणं त्यांना ठाऊक. पण ज्यांच्या आवाजानं सगळा देश जागा व्हायचा त्यांनीही चाल बांधताना दुसरं नाव घेतलं, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

फिती जपण्याचं कामही आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे, आणि तेही बायकांच्या आवाजासाठी. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. बेर्नार बेल यांनी त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. आता 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, आणि ओवीच्या बरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. चक्क्या आल्या, जाती परड्यात जाऊन पडली, पण त्या आवाजांना पत्ता राहिला.

आमच्या गटाला याचा उलटा अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी एक कार्यक्रमवाले आले, आमच्या पाच जणींची भलरी आणि फेराची गाणी मोबाईलवर घेऊन गेले. चहा-पोह्यांवर भागलं. नंतर ती गाणी त्यांच्या जाहिरातीच्या व्हिडिओखाली वाजताना आमच्याच पोरांनी दाखवली. नाव नाही, गाव नाही. कोण होते ते इथं सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पण शर्लीबाईंची आणि त्या संपाची गोष्ट वाचल्यावर आम्ही केंद्रावर एक जाड वही घातली आहे. ज्या बाईचा आवाज ध्वनिमुद्रित होईल तिचं नाव, गाव, तारीख, काय गायली, कुणाकडून शिकली आणि हे पुन्हा कुठं वाजवायचं झालं तर तिला विचारायचं की नाही, हे सगळं त्यात लिहायचं आणि खाली सही किंवा अंगठा. आत्तापर्यंत बेचाळीस नोंदी झाल्यात. "पुन्हा वाजवायचं तर विचारा" या रकान्यात एकूण एक जणींनी 'हो' लिहिलंय. अपवाद मावशींचा. त्यांनी लिहून घेतलं, "विचारा, आणि भाडं पण द्या."

तिकडं अमेरिकेत शर्लीबाईंची शिष्या लोलिता रिटमॅनिस, लॉरा कार्पमन आणि मिरियम कटलर यांनी २०१४ साली चित्रपटसंगीत करणाऱ्या बायकांची संघटना उभी केली. लॉरा कार्पमन यांनी २०२३ साली 'द मार्व्हल्स' या सुपरहिरोपटाला संगीत दिलं. त्याआधी २०१९ साली 'कॅप्टन मार्व्हल'ला पिनार टोप्राक यांनी दिलं होतं, आणि 'जोकर'ला हिल्डुर गुडनाडोटिर यांनी. जोकर म्हणजे बॅटमॅनचाच वैरी. त्या संगीताला २०२० साली ऑस्कर मिळालं. 'मास्क ऑफ द फँटॅझम'चं चित्रही २०२३ साली नव्यानं स्वच्छ करून काढलं गेलं.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी पोरांकडून मोबाईलवर शोधून घ्या, शर्ली वॉकर आणि फँटॅझम एवढं लिहिलं तरी पुरे. रात्री आवराआवर झाल्यावर, टीव्ही बंद करून ऐका. आधी सुरुवातीचं समूहगायन लावा, मग 'फर्स्ट लव्ह', आणि 'बर्थ ऑफ बॅटमॅन' सगळ्यात शेवटी. पोरं मध्ये बोलायला लागली तर त्यांना विचारा, हे संगीत कुणी दिलं ते सांग बघू.